आईचा मोतीबिंदू: 'लेन्स कुठली टाकायची' म्हणतात, आम्ही काय सांगायचं?

पर्वतीपायथा | रविवार, रात्री ९.१०

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आई ६९ वर्षांची. गेली दोन वर्षं तिच्या चष्म्याचा नंबर दर सहा महिन्यांनी बदलतोय. लक्ष्मी रस्त्यावरचा चष्मेवाला आता तिला नावाने ओळखतो. संध्याकाळी टिळक रस्ता ओलांडायचा म्हणजे माझा दंड घट्ट धरते. 'समोरून गाडी आली की दिव्याचा नुसता गोळा होतो रे, गाडी किती लांब आहे तेच कळत नाही.' शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डावा जास्त. ऑपरेशन करून घ्या म्हणाले, घाई नाही पण वर्षभर लांबवू नका.

इथवर ठीक. मग आम्हाला शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथे एका मुलीने लॅमिनेट केलेलं कार्ड पुढे ठेवलं. टाक्याविना साधं ऑपरेशन २० हजार, फेको आणि देशी घडीची (दुमडून आत घालायची) लेन्स ३५, परदेशी लेन्स ४८, ट्रायफोकल ९५, आणि 'ब्लेड नको, लेझरने' हवं असेल तर वर आणखी ३५. सगळे आकडे एका डोळ्याचे. पैठणीच्या दुकानात बसल्यासारखं झालं. त्यात ती मुलगी म्हणाली, 'आईसाठी बेस्टच घ्या ना सर.' आता यावर मुलाने काय बोलायचं? आई शेजारी पर्स मांडीवर घेऊन बसलेली, म्हणते, 'जे स्वस्त असेल ते कर.'

पैसे आहेत, तो प्रश्न नाही. कशासाठी द्यायचे ते कळत नाहीये. अनुभवी लोकांनी सांगा.

---

खवचट_पुणेकर | रविवार, रात्री ९.२२

पिकू द्या थोडा. आमच्याकडे आंबा आणि मोतीबिंदू पिकल्याशिवाय उतरवत नाहीत. (ह. घ्या.)

---

चष्म्याचं_घर | रविवार, रात्री १०.०५

खवचटराव, हलके घेतलंय, पण हे वाक्य मी आठवड्यातून चारदा ऐकते म्हणून उत्तर देतेच. मी डॉक्टर नाही. २२ वर्षं ऑप्टोमेट्रिस्ट आहे. नंबर काढणं आणि ऑपरेशनआधी डोळ्याची मापं घेणं हे माझं रोजचं काम.

'पिकू द्या' हे जुन्या पद्धतीचं शास्त्र. तेव्हा अख्खी लेन्स एका तुकड्यात बाहेर काढायची, म्हणून ती कडक झालेली बरी. आता फेकोत अडीच मिलिमीटरच्या आसपासच्या छेदातून बारीक सुई आत जाते, ध्वनिलहरींनी लेन्सचा चुरा होतो आणि तो तिथेच ओढून घेतला जातो. लेन्स जितकी कडक तितकी ताकद जास्त लावावी लागते आणि बुब्बुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या आतल्या पेशींना तितका मार बसतो. त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. म्हणून पिकेपर्यंत थांबण्यात फायदा काहीच नाही. उलटपक्षी, मोतीबिंदू आहे पण रोजची कामं सुखाने चाललीत, तर आज धावत जायचीही गरज नाही. कामं अडायला लागली की वेळ आली समजा. टिळक रस्ता ओलांडता येत नाही म्हणजे आलीच.

काचबिंदू, म्हणजे डोळ्याच्या नसेचा रोग, ही वेगळी भानगड, त्यात थांबणं परवडत नाही. लोक दोन्हींची गल्लत करतात म्हणून सांगून ठेवते.

पर्वतीपायथा, दोन प्रश्न. आईंना चष्मा कधीपासून? आणि उणे नंबर की अधिक?

---

सायकलवाला_आजोबा | सोमवार, सकाळी ६.४०

माझं वय ७२. तीन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांत ट्रायफोकल, म्हणजे जवळचं, मधलं आणि लांबचं तिन्ही दाखवणाऱ्या लेन्स बसवून घेतल्या. खरं खरं सांगतो.

चांगलं आधी. हॉटेलातलं मेनूकार्ड, मोबाइल, औषधाच्या पट्टीवरची तारीख, सगळं बिनचष्म्याचं वाचतो. सत्तरीत चष्मा सुटणं ही चैन आहे आणि मी ती मनमुराद भोगतो.

आता दुसरी बाजू. रात्री कात्रजचा नवा बोगदा ओलांडून साताऱ्याकडे निघालो की पुढच्या प्रत्येक गाडीच्या लाल दिव्याभोवती कडी दिसतात, कांदा आडवा कापल्यासारखी. पहिले सहा महिने वैतागलो होतो. आता मेंदूला सवय झाली, कडी आहेत पण त्रास कमी. आणि मिणमिणत्या उजेडात, देवळाच्या दगडी पायऱ्या उतरताना वगैरे, पायरीची कड पूर्वीसारखी ठसठशीत दिसत नाही. पैसे वाया गेले असं म्हणणार नाही. पण जिथे ऑपरेशन केलं तिथे यातलं अवाक्षर कुणी आधी बोललं नव्हतं, याचा राग मात्र अजून आहे. रात्री गाडी चालवणाऱ्याला हे सांगायला नको?

---

पर्वतीपायथा | सोमवार, सकाळी ८.१५

आजोबा, कांद्याची उपमा आईला वाचून दाखवली, हसली.

चष्म्याचं_घर, चष्मा शाळेपासून. उणे तीन, दोन्ही डोळ्यांना, वर्षानुवर्षं तोच. आता डाव्याला उणे साडेसहा आणि उजव्याला उणे पाच. अधिकचा नंबर कधी लागलाच नाही, वाचायला ती चष्मा काढूनच ठेवते. गोधड्या शिवते हातावर, सबंध दुपार. चष्मा कपाळावर चढवायचा, सुई नाकाशी धरायची आणि दोरा ओवायचा, ही तिची बैठक माझ्या जन्माच्या आधीपासूनची. का विचारलंत?

---

शेवगा_शेंग | सोमवार, सकाळी ९.३०

ऑपरेशनची एवढी घाई का? आमच्या गावाकडे मध आणि पांढऱ्या कांद्याचा रस रोज एकेक थेंब घालतात. मोतीबिंदू विरघळतो.

---

चष्म्याचं_घर | सोमवार, दुपारी १.४०

शेवगा_शेंग, नको हो. लेन्समधली प्रथिनं एकदा गढूळ झाली की झाली. उकडलेल्या अंड्याचा पांढरा बलक पुन्हा पारदर्शक करणारा थेंब जसा नाही, तसा हाही नाही. ॲलोपॅथीतही नाही. मधाच्या थेंबांनी बुब्बुळाला जखम होऊन आलेले रुग्ण मी पाहिलेत. तिथे नुसता मोतीबिंदू असता तर बरं, असं म्हणायची वेळ येते.

पर्वतीपायथा, आता तुमच्याकडे. का विचारलं ते नीट वाचा, कारण कार्डावरच्या पाच रकान्यांपेक्षा हे महत्त्वाचं आहे.

पहिलं, आईंचा नंबर उणे तीनवरून साडेसहावर गेला तो मोतीबिंदूमुळेच. लेन्सचा गाभा कडक आणि पिवळट होत गेला की ती जास्त ताकदीची होते, नंबर उणेकडे सरकतो. तुम्ही दोन वर्षं चष्मे बदलत राहिलात, रोग आत होता. (चष्मेवाल्याने दुसऱ्याच वेळी 'डॉक्टरांना दाखवा' म्हणायला हवं होतं.)

दुसरं आणि खरं. साधी, म्हणजे मोनोफोकल लेन्स एकाच अंतरावर स्वच्छ दाखवते. ते अंतर कुठलं, हे ऑपरेशनआधी ठरवायचं असतं. बऱ्याच ठिकाणी कुणी न विचारता लांबचं धरतात: चालताना, टीव्ही बघताना चष्मा नको, वाचायला घ्या. बहुतेकांना ते चालतं, कारण चाळिशीनंतर वाचायला चष्मा त्यांना लागतच होता. पण तुमच्या आईंचं उलटं आहे. उणे तीनवाल्याला चष्मा काढला की साधारण ३३ सेंटीमीटरवर लख्ख दिसतं. त्यांची सुई तिथेच असते! डॉक्टरांनी मन लावून उत्तम ऑपरेशन केलं आणि नंबर शून्यावर आणला, तर या बाईंना आयुष्यात पहिल्यांदा सुईत दोरा ओवायला चष्मा शोधावा लागेल. कागदावर ऑपरेशन यशस्वी, आणि घरी आजी रुसलेल्या. असे रुग्ण येतात आमच्याकडे. 'सगळं दिसतं, पण माझं काहीतरी गेलं' म्हणतात, आणि काय गेलं ते त्यांना सांगता येत नाही.

तर डॉक्टरांना विचारा: साध्या लेन्सवर नंबर मुद्दाम उणे अडीचच्या आसपास ठेवता येईल का? म्हणजे ४० सेंटीमीटरवर बिनचष्म्याचं आणि लांबचं पाहायला चष्मा, आजवर होता तसाच, पण पातळ काचांचा. यासाठी एक रुपया जास्त पडत नाही, म्हणून तो कार्डावर छापलेला नसतो.

---

निळीशाई | सोमवार, दुपारी ३.००

वाचनखूण साठवली. माझ्या वडलांच्या वेळी हे कुणी सांगितलं असतं तर! ते घड्याळं दुरुस्त करायचे.

विम्याचं सांगते. बहुतेक पॉलिसींत मोतीबिंदूला सुरुवातीची दोन वर्षं थांबावं लागतं, आणि नंतरही प्रत्येक डोळ्याला मर्यादा असते. आमची आरोग्य संजीवनी होती, त्यात विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४० हजार, यातलं कमी असेल तेवढंच मिळतं. महागडी लेन्स घेतली तर वरचा फरक खिशातून. लेन्सच्या डबीवरचं स्टिकर, ज्यावर कंपनी, ताकद आणि क्रमांक असतो, ते फाइलमध्ये चिकटवून घ्या. आमचा दावा तेवढ्यासाठी तीन आठवडे अडकला होता.

---

तिसरी_घंटा | सोमवार, रात्री ८.२५

बाबांचा अनुभव, घरात पुरुष रुग्ण असतील त्यांच्यासाठी. ऑपरेशनआधी विचारलं, 'बीपी-शुगरच्या गोळ्या चालू आहेत का?' आम्ही तेवढ्याच सांगितल्या. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चार वर्षं चालू होती, तिचा डोळ्याशी काय संबंध, म्हणून बोललोच नाही. ऐन ऑपरेशनमध्ये बाहुली आकसायला लागली आणि भोवतीचा रंगीत पडदा ओल्या कापडासारखा लटपटायला लागला. वीस मिनिटांचं काम तासाभराचं झालं. निभावलं, पण डॉक्टर बाहेर येऊन पहिलं हेच म्हणाले, 'लघवीची गोळी घेतात हे सांगितलं का नाही?' आधी कळलं तर ते तयारीने उतरतात. आदल्या आठवड्यात गोळी बंद करूनही भागत नाही म्हणे, त्यामुळे सांगणं हाच उपाय. सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. रक्त पातळ करायची गोळी मात्र मनाने थांबवू नका, डॉक्टर सांगतील तसं.

---

जुनी_वही | सोमवार, रात्री ११.१०

अवांतर: माझ्या पणजीचं ऑपरेशन झालं तेव्हा आत लेन्स बसवतच नव्हते. सोडा वॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा, त्यातून तिचे डोळे बशीएवढे दिसायचे आणि आम्ही पोरं घाबरायचो. आत लेन्स बसवायची पहिली धिटाई १९४९ साली लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी केली. युद्धात विमानांच्या काचेचे, म्हणजे पर्स्पेक्स प्लॅस्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले होते आणि डोळा त्यांना बिनतक्रार सांभाळत होता. ते पाहून त्यांनी त्याच प्लॅस्टिकची लेन्स केली. आणि १९६७ मध्ये फेको काढणाऱ्या चार्ल्स केलमनना कल्पना सुचली ती दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत, दातावरचं कीट काढणाऱ्या यंत्राची थरथर बघून. आपला सुश्रुत त्यांच्या कितीतरी आधी शलाकेने गढूळ लेन्स बाजूला सारत होता, पण बाजूला सारणं वेगळं आणि काढणं वेगळं. अभिमानाच्या भरात ते एक करू नये.

---

मांजरीकर | मंगळवार, सकाळी १०.००

२० हजारांचा रकाना कुणीच बोलेना म्हणून लिहितो. सासऱ्यांचं तेच झालं, मोहम्मदवाडीच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात. त्यांचा मोतीबिंदू फार पुढे गेलेला, बाहुलीत पांढरं दिसायचं. सहा-सात मिलिमीटरचा तिरका छेद, बोगद्यासारखा, आपोआप मिटणारा, टाका नाही. आत न दुमडणारी लेन्स. आज शेतातल्या विहिरीवरची मोटर स्वतः चालू करतात. 'स्वस्त म्हणजे दुय्यम' असं डोक्यात असेल तर काढून टाका. डोळा सुधारायला चार दिवस जास्त लागले आणि थोडा तिरपा, म्हणजे सिलिंडरचा नंबर राहिला, एवढंच. ससूनलाही नेत्रविभाग आहे, ज्यांना गरज आहे त्यांनी संकोच करू नये.

---

पर्वतीपायथा | मंगळवार, दुपारी २.३०

सगळ्यांचे आभार. मांजरीकर, छान वाटलं वाचून. लेझरवालं राहिलं: ३५ हजार जास्त कशाचे? आणि टॉरिक म्हणजे काय, तेही कुणीतरी फोनवर सुचवलं.

---

चष्म्याचं_घर | मंगळवार, रात्री ९.५०

लेझर छेद देतं, लेन्सच्या पिशवीला गोल खिडकी पाडतं आणि गाभ्याला चिरा देतं. पुढे तुकडे ओढून काढायला फेकोचंच यंत्र लागतं. मोठ्या तुलनात्मक अभ्यासांत शेवटच्या नजरेत ते फेकोपेक्षा सरस निघालेलं नाही. काही अवघड डोळ्यांत उपयोगी पडतं, ते डॉक्टर कारणासकट सांगतील. कारण न सांगता 'लेटेस्ट आहे' एवढंच म्हणाले तर ३५ हजारांत आईंना काशीयात्रा घडवा.

टॉरिक म्हणजे तिरपा नंबर आतूनच घालवणारी लेन्स. पण चष्म्यातल्या सिलिंडरवरून ठरवू नका; त्यातला काही भाग डोळ्यातल्या जुन्या लेन्सचा असतो आणि तो तिच्याबरोबर जातो. पुढच्या पारदर्शक पडद्याचा तिरपा नंबर किती आहे ते विचारा. तो एकच्या खाली असेल तर सहसा गरज नसते.

ट्रायफोकलचा विचार करणार असाल तर आधी पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा ओसीटी स्कॅन हवाच. ती लेन्स आलेला उजेड तीन अंतरांत वाटून देते. पडद्यात दोष असेल किंवा काचबिंदू असेल तर आधीच कमी असलेल्यात आणखी वाटणी कशाला?

देशी-परदेशीवर माझं मत: चांगल्या देशी लेन्सही उत्तम आहेत. कंपनीपेक्षा माप अचूक घेणं मोलाचं. कुठल्या यंत्रावर घेतलं ते बघा आणि दोन डोळ्यांच्या मापांत मोठा फरक आला तर पुन्हा घ्यायला लावा.

---

पर्वतीपायथा | तीन आठवड्यांनंतर, शनिवार

धाग्याला अपडेट देणं लागतो.

पुन्हा गेलो, या वेळी कार्डाच्या खोलीत न जाता थेट डॉक्टरांकडे. ओसीटी स्वच्छ. तिरपा नंबर पाऊण, त्यामुळे टॉरिक बाद. मग मी गोधडीचं सांगितलं. डॉक्टर लिहिता लिहिता थांबले, आईकडे वळले, म्हणाले, 'आजी, सुई कुठे धरता दाखवा.' आईने पर्समधून चष्म्याची डबी काढली आणि तीच सुईसारखी नाकापुढे धरली. डॉक्टरांनी खिशातली मोजपट्टी लावली! ३५ सेंटीमीटर. 'उणे अडीच धरतो,' म्हणाले. फेको, देशी घडीची लेन्स, ३५ हजार. पाच मिनिटांत ठरलं.

गेल्या सोमवारी डावा झाला. बधिर करायला फक्त थेंब, इंजेक्शन नाही. आई म्हणते, वर रंगीत दिवे पाण्यात हलताना दिसत होते, गणपती विसर्जनासारखे. सव्वा तासात आम्ही रिक्षात. थेंबांचं वेळापत्रक फ्रिजवर लावलंय, कमी करत करत महिनाभर चालेल. दुखायला लागलं, लाल झालं किंवा दिसणं कमी झालं तर रात्र असली तरी फोन करा, सकाळची वाट बघू नका, असं बजावलंय.

तिसऱ्या दिवशी ती गॅलरीत बाबांचा पंचा दोन्ही हातांत ताणून उभी. डावा डोळा मिटते, उजवा मिटते, पुन्हा डावा. 'अरे, या डोळ्याने हा पिवळा आहे आणि या डोळ्याने निळीत बुडवून काढल्यासारखा. मी इतकी वर्षं याला नीळ कमी पडते म्हणून बाईला बोलत होते.'

आणि काल गोधडी काढली. नातीसाठी दिवाळीपासून चाललेली. काळे म्हणून लावलेले चार तुकडे गडद निळे निघाले. ती आता बसून ते उसवते आहे, आम्ही सगळे 'राहू दे ना' म्हणतोय, ऐकत नाही.

त्रास एकच. डावा उणे अडीच आणि उजवा अजून उणे पाच, डाव्याची काच तात्पुरती बदलून चष्मा लावला की जिना उतरताना गरगरतं.

---

चष्म्याचं_घर | शनिवार, रात्री ८.३०

वा! मोजपट्टी लावणाऱ्या डॉक्टरांना माझा नमस्कार.

गरगरणार. दोन काचांत अडीचचा फरक म्हणजे दोन डोळ्यांना वस्तू वेगवेगळ्या आकाराच्या दिसतात. नवा चष्मा आत्ता करू नका, दुसरा डोळा झाल्यावर महिन्याने करा. तोवर जिन्यावर कठडा आणि तुमचा दंड. पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर वाटलं तर 'मोतीबिंदू परत आला' म्हणून घाबरू नका. लेन्समागची पिशवी गढुळते, ती ओपीडीत बसल्या बसल्या याग लेझरने मोकळी करतात.

उजव्याला काय ठरलंय? काहीजण दुसऱ्या डोळ्याला उणे सव्वा ठेवतात, म्हणजे घरात वावरायलाही चष्मा नको.

---

पर्वतीपायथा | शनिवार, रात्री ९.०५

डॉक्टरांनीही तेच विचारलं. आई म्हणाली, 'दोन्ही सारखे करा, मला गोंधळ नको. लांबचं बघायला नाकावर चष्मा आहे की, पंचावन्न वर्षं आहे.' १८ तारखेला उजवा.